डोळे शाबूत, नजर गेलेली

(इंदापूर येथील कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

सकाळपासून आपण मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव यांबद्दल बोलतोय. आता जेवणानंतर मला ‘अचानक दृष्टी जाणं’ या विषयावर बोलायला सांगितलंय. तुमच्यातल्या काहींना वाटलं असेल, की हा डॉक्टरांचा विषय, याचा बायकांच्या प्रश्नाशी काय संबंध? संबंध आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत काम करताना मला ज्या बाया भेटल्या, त्यांची नजर आजाराने गेली. पण त्यांचं घर, त्यांचं काम, घरातली त्यांची पत आजाराने नाही गेली. ती माणसांनी काढून घेतली. मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल. पण आधी आजार काय असतो ते समजून घेऊ. ते कळल्याशिवाय आपण बाईच्या बाजूने ठाम उभ्या राहू शकत नाही.

आपण म्हणतो डोळ्याने दिसतं. ते अर्धंच खरं. विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, पण मधली पाइपलाइन फुटली, तर पाणी रानात पोचतं का? डोळ्याचं तसंच आहे. डोळा प्रकाश टिपतो. तिथून तो संदेश मेंदूपर्यंत नेते ती डोळ्याची नस. सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या या नसेत दहा-बारा लाख बारीक तंतू असतात. ते एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. इथे चष्म्याचा उपयोग नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचाही नाही. नेत्रदानात मिळतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल. नस मिळत नाही. २०२३ साली अमेरिकेत एका माणसाला अख्खा डोळा बसवला. तो डोळा जिवंत राहिला, रक्तपुरवठा सुरू झाला, पण त्याला दिसलं नाही, कारण नस जोडून चालू करणं अजून कुणाला जमलेलं नाही.

आता यातली बाईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बघा. नस गेली तरी डोळा बाहेरून जसाच्या तसा दिसतो. लाल नाही, सुजलेला नाही, फूल पडलेलं नाही. बाई म्हणते, ‘मला दिसत नाही,’ आणि घरचे तिच्या डोळ्यांत बघून म्हणतात, ‘डोळे तर चांगले टपोरे आहेत, सोंग करतेय.’ पाठ दुखते, डोकं दुखतं, अंगावरून जातं असं बाईने सांगितलं तरी कोण पटकन विश्वास ठेवतं? त्यात पुरावाच दिसत नसेल, तर मग विचारायलाच नको. कामचुकार ठरते, नाहीतर तिला काहीतरी लागलंय असं ठरतं. अंगारा, लिंबू, देवऋषी यांत पहिले आठ-पंधरा दिवस जातात. आणि नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

ही नस कशाकशाने जाते? चार कारणं सांगते, कारण ती चारही मी या भागात पाहिली किंवा ऐकली आहेत.

पहिलं, नसेला सूज. ही बहुधा वीस ते चाळीसच्या वयात येते, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त येते. डोळा हलवला की मागे दुखतं, रंग विटल्यासारखे वाटतात, विशेषतः लाल, आणि काही तासांत किंवा चार-आठ दिवसांत नजर उतरते. यातल्या बऱ्याच जणींची नजर काही आठवड्यांत, महिन्यांत बरीचशी परत येते. पण याचाच एक जहाल प्रकार आहे, त्याला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका म्हणतात. त्यात बायकांचं प्रमाण फारच जास्त. तो पुन्हा पुन्हा उलटतो, दर वेळी काहीतरी घेऊन जातो, कधी पायांतली ताकदही. २००४ साली या आजाराची खूण रक्तात सापडली, त्यामुळे आता रक्त तपासून तो ओळखता येतो, आणि उलटू नये म्हणून कायमची औषधं देता येतात. म्हणून ‘आपोआप बरं होईल’ म्हणून घरी बसायचं नाही. आणि मेडिकलच्या दुकानातून स्टिरॉइडच्या गोळ्या आणूनही खायच्या नाहीत. १९९२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं, की साध्या सुजेत शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडने नजर लवकर परतते, पण नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या दिल्या, तर दुखणं उलटण्याचं प्रमाण उलट वाढतं. काय द्यायचं, किती द्यायचं, हे तज्ज्ञानेच ठरवायचं.

दुसरं कारण क्षयाच्या औषधातलं. घाबरू नका, आणि कृपा करून क्षयाच्या पेशंटला गोळ्या बंद करायला सांगू नका. क्षयाने माणूस मरतो. पण त्या गोळ्यांमध्ये इथॅम्ब्युटॉल नावाचं एक औषध असतं. पूर्वी ते सुरुवातीचे दोन महिने देत, आता सरकारी उपचारात ते सहाही महिने असतं. थोड्या लोकांमध्ये ते दोन्ही डोळ्यांच्या नसांना बाधतं. दुखत नाही, खुपत नाही. आधी लाल-हिरव्यातला फरक जातो. बारामती तालुक्याच्या जिरायती भागातली एक बाई टोमॅटोच्या तोडणीला जायची. क्रेटमध्ये कच्चे टोमॅटो भरते म्हणून मालकाने दोनदा बोललं, तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. तिच्या वाडीवरच्या आशाताईने विचारलं, ‘तुला पिकलेला आणि कच्चा ओळखू येतो का गं?’ ती म्हणाली, ‘सगळे एकच दिसतात.’ आशाताई तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ते एक औषध थांबवून उपचार बदलला. चार-पाच महिन्यांत तिची नजर बरीच सुधारली, क्षयही बरा झाला. सगळ्यांची सुधारते असं नाही, पण लवकर ओळखलं तर शक्यता असते. आपल्या गटातल्या कुणाच्या घरी क्षयाचा पेशंट असेल, तर महिन्यातून एकदा त्याला एक-एक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावा, आणि लाल-हिरव्या बांगड्या निवडायला सांगा. याला पैसा लागत नाही.

तिसरं कारण दारू. विषारी दारू म्हणजे काय? आपल्या भागात कारखाने आहेत, मळी आहे, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं स्पिरिट एकच. तसं नाही. मळीपासून होतं ते इथेनॉल. मिथेनॉल हे वेगळं रसायन, उद्योगधंद्यात वापरायचं. दोन पैसे वाचावेत म्हणून दारूत ते मिसळतात. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते थेट डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. पिताना काही कळत नाही; बारा-चोवीस तासांनी उलट्या, पोटदुखी आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं. यावर उतारा आहे, डायलिसिस आहे, पण वेळेत दवाखान्यात पोचलं तर. मुंबईत २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीला आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला हेच घडलं. मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यात चौघांना दोषी ठरवलं. म्हणजे नऊ वर्षं लागली. मेलेल्यांचा आकडा पेपरात येतो. जे वाचले पण आंधळे झाले, त्यांचा हात धरून संडासला नेणाऱ्या बायकोचा आकडा कुठे येत नाही.

चौथं कारण तुम्हाला सांगायला नको. मार. कपाळावर, भुवईच्या वरच्या हाडावर जोराचा फटका बसला किंवा डोकं भिंतीवर आपटलं, तर तो धक्का हाडातून आतल्या नसेपर्यंत पोचतो. कधी डोळा काळानिळाही होत नाही, आणि एका डोळ्याची नजर गेलेली असते. बाईला दुसऱ्या डोळ्याने दिसत असतं, म्हणून तिला स्वतःलाही ते चार दिवसांनी कळतं.

इथे आपल्या कामाचा एक मुद्दा आहे, तो लिहून घ्या. मार खाल्लेल्या बाईला आपण सरकारी दवाखान्यात नेतो. तिथे ‘साधी दुखापत’ असं लिहून मोकळे होतात. त्या वेळी आग्रह धरायचा, की दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी तपासा आणि कागदावर आकड्यात लिहा. दुसरं, नस मेल्याची खूण आत, पडद्यावर, दिसायला चार-सहा आठवडे जातात. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणतात ‘आतून सगळं नॉर्मल आहे’, आणि ते त्या दिवसापुरतं खरंही असतं. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यायची आणि तो अहवाल पोलिसांकडे द्यायचा. कारण एका डोळ्याची नजर कायमची जाणं ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ११६ मध्ये आहे, आणि कलम ११७ प्रमाणे त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कागदावर आलं नाही, तर नवरा ‘किरकोळ भांडण’ म्हणून सुटतो.

आता माझं स्वतःचं सांगते, नाहीतर तुम्ही चहाच्या वेळी विचारालच, की ही बाई उन्हात-सावलीत काळा चष्मा का लावते आणि समोर कागद असून वाचत का नाही. मी समाजकार्यात एम. ए. केलं, नंतर या दोन तालुक्यांत गाडीवर फिरून काम केलं. तेहतिसाव्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याची नस सुजली. आठवड्याभरात त्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. एका दवाखान्यात मला सांगितलं, की लग्न झालेलं नाही, ताण आहे, मन रमवा. पुण्याला जाऊन निदान होईपर्यंत सतरा दिवस गेले. दीड वर्षाने उजव्या डोळ्याला तेच झालं, पण तेव्हा दुसऱ्या दिवशी उपचार सुरू झाले, म्हणून त्या डोळ्याने मला आज भिंगातून मोठी अक्षरं वाचता येतात. एकाच बाईचे दोन डोळे, एकच आजार. दोन डोळ्यांच्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, एवढाच फरक मला माहीत आहे. आजार दर वेळी वेगळा वागतो हेही खरं, त्यामुळे सगळं श्रेय मी वेळेला देणार नाही. पण ते सतरा दिवस मी विसरत नाही.

मला पगार होता, शिक्षण होतं, आई-वडील पाठीशी होते. ज्यांना यातलं काही नाही, त्यांचं काय होतं?

उसाच्या अड्ड्यावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल त्या कोयत्याला मिळते. बाईची नजर गेली की कोयता मोडला, पण उचल फिटत नाही. मला भेटलेली बाई एका डोळ्याने पूर्ण आंधळी झाली होती. एक डोळा गेला की अंतराचा अंदाज जातो. कोयता नेमका कुठे पडेल, मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर पाय कुठे टाकायचा, ते कळत नाही. मुकादम म्हणाला, ‘एक डोळा आहे ना?’ तिने हंगाम पुरा केला. तिच्या डाव्या पायाच्या नडगीवर त्या हंगामाच्या खुणा आहेत.

दुसरी, बागायती घरातली सून, वय सव्वीस. दोन्ही डोळ्यांची नजर गेली, तेव्हा पहिल्या महिन्यात तिला चुलीपासून उठवलं, दुसऱ्यात मुलाला जावेकडे झोपवायला लागले, तिसऱ्यात ‘हवापालट’ म्हणून माहेरी सोडलं. न्यायला कुणी आलं नाही. माहेरी भावाने बहिणीची ‘काळजी’ म्हणून हक्कसोडपत्र तयार ठेवलं होतं, तिला म्हणाला, ‘हा बँकेचा कागद आहे, अंगठा दे.’ बाई दहावी शिकलेली, सही करणारी. तिला अंगठा मागितल्यावरच शंका आली. तिने शेजारच्या मुलीला बोलावून कागद वाचून घेतला, म्हणून तिची जमीन वाचली.

पुरुष आंधळा झाला तर बायको त्याचं सगळं करते, आणि लोक म्हणतात तिचं कर्तव्यच आहे. बायको आंधळी झाली तर नवऱ्याला लोकच विचारतात, ‘तुझं आता कसं व्हायचं? दुसरी बघ.’ तर मैत्रिणींनो, सासरच्यांना हे ठणकावून सांगा, की हिंदू विवाह कायद्यात आंधळेपणा हे घटस्फोटाचं कारण नाही. पूर्वी कुष्ठरोग कारण होता, तोही २०१९ मध्ये काढून टाकला. बायको असताना दुसरं लग्न हा गुन्हा आहे. घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला आहे. पोटगी पूर्वी कलम १२५ खाली मागायचो, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली मागायची. आणि २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा सांगतो, की दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा, वारसा मिळण्याचा, आपला पैसा आपण सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. बँकवाले चेकबुक, एटीएम कार्ड नाकारत असतील, तर रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सगळ्या बँकांना सांगितलंय, की अंध ग्राहकांना या सोयी द्यायच्याच.

याच कायद्याची एक उणी बाजूही माहीत असू द्या. दाखल्यासाठी बहुतेक ठिकाणी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर ते तीस टक्केच धरतात. म्हणजे कोयता धरणाऱ्या त्या बाईला दाखल्याचा लाभ नाही. अंध म्हणजे ज्याच्या चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही तीन बटा साठपेक्षा कमी, किंवा ज्याच्या नजरेचा घेरा दहा अंशांपेक्षा कमी, अशी व्याख्या आहे. नसेच्या आजारात कधी समोरची अक्षरं वाचता येतात, पण आजूबाजूचं दिसत नाही. म्हणून तपासणीत नजरेच्या घेऱ्याची तपासणीही मागून घ्यायची. नुसती अक्षरं वाचायला लावली, तर बाईचे टक्के कमी भरतात. दोन्ही डोळे अधू असलेल्या बाईचा दाखला आणि ओळखपत्र जरूर काढा, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करा. बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे; दर वेळी पुण्याला ससूनलाच गेलं पाहिजे असं आता नाही, आधी तिथे चौकशी करा.

आता जगायचं कसं, ते सांगते. लोक समजतात, नजर गेली की बाईने कोपऱ्यात बसायचं. मी आज स्वयंपाक करते. तिखट-मिठाचे डबे मी ठरवलेल्या जागी असतात, आणि घरात दुसऱ्या कुणी ते हलवायचे नाहीत, हा आमच्या घरचा नियम आहे. भात गडद रंगाच्या ताटात वाढते, म्हणजे पांढरा भात दिसतो. पायऱ्यांच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढून घेतलाय. सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटाला रबर बांधते, रात्रीच्या नाही. शंभराच्या नव्या नोटेच्या कडेला चार उठावाच्या रेषा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. बोटाने कळतात, फक्त नोट फार मळलेली नको. फोन बोलतो, आलेला निरोप वाचून दाखवतो. पण बोलणारा फोन बाईच्या हातात असला तर! बहुतेक घरांत तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. दिसणाऱ्या बाईपेक्षा न दिसणाऱ्या बाईला स्वतःच्या फोनची गरज जास्त आहे, हे घरच्यांना पटवणं हेही आपलं काम आहे.

आणि पांढरी काठी. ती सगळ्यात अवघड गेली. काठी हातात घेतली की गावाला कळतं. मी सहा महिने काठी पिशवीत ठेवून फिरले. पण डोळे शाबूत दिसणाऱ्या बाईला काठीचा एक फायदा आहे. ती घेतल्यापासून एसटीत मला कुणी ‘दिसत नाही का?’ असं खेकसून विचारत नाही. आता मी ‘नाही’ म्हणते आणि जागा मिळते.

शेवटी संघटनेपुढे तीन गोष्टी ठेवते. एक, बाई म्हणाली मला दिसत नाही, तर त्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. खरं का खोटं हे गटात बसून ठरवायचं नाही. गावातल्या मोतीबिंदूच्या शिबिरात ‘मोतीबिंदू नाही’ म्हणून परत पाठवलेल्या बायांची नावं लिहून घ्यायची, त्यांचा पुढे पाठपुरावा करायचा. दोन, आपल्या मारहाणीच्या केसच्या फॉर्ममध्ये ‘उजवी नजर, डावी नजर’ असे दोन रकाने आजपासून वाढवायचे. तीन, आपल्या बैठका. पोस्टर लावतो, फलकावर लिहितो, पत्रकं वाटतो. ज्या बाईला दिसत नाही, तिला यातलं काय मिळतं? इंदापूर आणि बारामती तालुक्यांतल्या अशा बायांची मी यादी करायला घेतली आहे. आतापर्यंत एकोणीस नावं झालीत, आणि त्यांतली एकही बाई आज या मांडवात नाही. पुढच्या मेळाव्याला त्यांना कोण कुठल्या गाडीने आणणार, हे आज संध्याकाळच्या बैठकीत ठरवूया. मी यादी आणलेली आहे. कुणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवा.